छावणीपर्यंतची वायर

धुळाजीनं आणलेली भाकरी कडूबाईनं उलटून पाहिली, तिच्या कडेवर बोटानं टकटक केलं आणि ती शेजारच्या खोंडापुढं टाकली. खोंडानं भाकरी हुंगली, थोडा विचार केला आणि खाल्ली. तीन महिने उसाचं वाढं खाऊन त्याचंही तोंड विटलं होतं.

“त्याला आवडती,” कडूबाई म्हणाली. “रोज एक जास्तीची आनत जावा.”

साठीला आलेल्या धुळाजीनं जन्मात कधी परातीत हात घातला नव्हता. माघात त्याची बायको कडूबाई दोन बैल, एक गाय आणि हा खोंड घेऊन चारा छावणीत आली, तेव्हा त्यानं तिला सांगितलं होतं की आठ दिवस तू राहा, मग मी येतो, पाळी बदलू. आता वैशाख निम्मा सरला होता आणि पाळी काही बदलली नव्हती. दर आठवड्याला गावात कुठं ना कुठं केबल तुटायची आणि सोसायटी धुळाजीला सोडायची नाही. आणि खरं सांगायचं तर डासांत पडून बैलांचं रवंथ ऐकण्यापेक्षा त्याला घरचा पंखा बरा वाटायचा. हे धुळाजीला कळत होतं, कडूबाईलाही कळत होतं, आणि दोघंही त्यावर बोलत नव्हती. जे काही बोलणं व्हायचं ते भाकरीवर.

केज तालुक्यातल्या हिवरदऱ्यात केबल आली ती दूध सोसायटीमुळं. चेअरमन सुंदररावांनी पंधरा वर्षांपूर्वी डेअरीच्या स्लॅबवर छत्री बसवली आणि ठराव केला की जो सभासद डेअरीला दूध घालील त्याच्या घरी केबल जाईल. तेव्हापासून सोसायटीच्या वार्षिक सभेत दुधावर पाच मिनिटं आणि कुठलं चॅनेल ठेवायचं यावर दोन तास चर्चा होऊ लागली. दोन हजार तेराच्या दुष्काळानं दूध आटवलं, डेअरीतले कॅन उपडे पडले, पण केबल चालू राहिली. ती बंद करायची सुंदररावांची छाती नव्हती, कारण पुढच्या वर्षी सोसायटीची निवडणूक होती. चारा छावणीही सोसायटीचीच, त्यामुळं सुंदरराव सध्या चारशे जनावरांचे आणि दीडशे टीव्हींचे चेअरमन होते.

धुळाजी मेंढक्याच्या घरातला. एका जुन्या दुष्काळात त्याची मेंढरं गेली आणि तो डेअरीत मदतनीस म्हणून लागला. केबलच्या कामावर त्याला घेतलं ते गोफणीमुळं. बाकीच्या गावांत वायर टाकायला शिडी लागते. धुळाजी गोट्याला सुतळी बांधायचा, गोफण गरकन फिरवून तो गोटा लिंबाच्या शेंड्यावरून पलीकडं टाकायचा आणि सुतळीमागं वायर ओढून घ्यायचा. मोजायचं ते हातानं, सोलायचं ते अडकित्त्यानं. वरचं काळं साल काढलं की खाली तारांची बारीक जाळी लागते. ती बोटांनी लोकरीसारखी मागं विंचरायची. तिच्याखाली पांढरा गाभा आणि गाभ्याच्या पोटात तांब्याची एकच तार. जाळीतला एक केस जरी त्या तारेला टेकला तरी पुढच्या सगळ्या घरांत टीव्हीवर मुंग्या. पंधरा वर्षांत धुळाजीच्या जोडात असा केस कुणाला सापडला नव्हता.

याला अपवाद एकच घर होतं आणि ते धुळाजीचं स्वतःचं होतं. गावभर नवी वायर गेली आणि उरलेले तुकडे त्यानं आपल्या घरासाठी जोडले. एकूण एकोणीस जोड. आज बदलू, उद्या बदलू करता करता पंधरा वर्षं गेली आणि कडूबाईनं आजवर जे काही पाहिलं ते मुंग्यांतून पाहिलं. सातच्या मालिकेतली रेवती तिची फार लाडकी. त्या रेवतीच्या गालावर तीळ आहे की मुंगीच तिथं येऊन बसते, हे तीन वर्षांत तिला ठरवता आलं नव्हतं. छावणीत आल्यापासून तर मुंग्याही गेल्या. गावात जाऊन आलेली एखादी बाई गोष्ट सांगायची, तेवढ्यावर भागवायचं.

खोंडानं भाकरी संपवली तशी कडूबाई म्हणाली, “आयतवारी रेवतीचं लगीन हाय. रोजच्या सातला न्हाई, संध्याकाळी सहालाच. आमी समद्या गावात जानार.”

“समद्या? मंग जनावरं?”

“जनावरास्नी कुठं लगीन हाय?”

ती थट्टा करत नव्हती. छावणीतल्या साठ-सत्तर बायकांचं ठरलं होतं. यंदा हिवरदऱ्यात एकही लग्न उभं राहिलं नव्हतं. पाणी नाही, पाव्हण्यांना जेवायला काय घालणार, म्हणून सगळ्यांनी पोरापोरींची लग्नं पुढच्या सालावर ढकलली होती. त्यामुळं वर्षातलं हे एकच लग्न, आणि ते चुकवायला कुणीच तयार नव्हतं. धुळाजीनं तिला समजावून पाहिलं की तपासणीचे साहेब कधीही येतात, जनावर आहे आणि मालक नाही असं दिसलं तर छावणी बंद व्हायची. कडूबाईनं ते ऐकून घेतलं.

“पोरींची दोन लग्नं केली,” ती म्हणाली, “पन बगितलं काय मी? पोरीच्या मायनं अक्षता बगू न्हाई म्हनून दोन्ही येळेला तुळशीला पानी घालत बसले. अन् आपलं लगीन तर तुमाला ठावं हाय.”

धुळाजीला ठाऊक होतं. बहात्तरच्या दुष्काळात, पाझर तलावाच्या कामावर, दुपारच्या सुट्टीत ते लागलं होतं. अंतरपाट म्हणून मुकादमानं सिमेंटचं रिकामं पोतं धरलं होतं. तांदूळ नव्हते, म्हणून रेशनची तांबडी ज्वारी वाटली होती. मंगलाष्टकं झाली, लोकांनी ज्वारी टाकली आणि लगेच खाली बसून दाणा न् दाणा वेचून परत पदरात घेतली. नवऱ्या मुलानंही वेचली. मग मुकादमाची शिट्टी झाली आणि नवरा-नवरी खडी फोडायला बसली.

“पोतं डोळ्यापुढं व्हतं तेवढंच दिसलं,” कडूबाई म्हणाली. “मला एक लगीन नीट बगायचं हाय. मुंग्या नकोत.”

एक्केचाळीस वर्षांत तिनं तोंडानं मागितलेली ही पहिली गोष्ट होती. धुळाजीला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की तो भराभरा चालतो. तो तसाच चालत डेअरीत गेला.

सुंदररावांच्या कानावर बायकांचा बेत आधीच आला होता. धुळाजीनं म्हटलं की साहेब, बायका लग्नाला जायच्या थांबत नाहीत, तर लग्नच छावणीत आणू. ऑफिसातला टीव्ही तिथं ठेवा, मी वायर नेतो. सुंदररावांना ही युक्ती इतकी पसंत पडली की दुसऱ्या दिवसापर्यंत ती त्यांना स्वतःलाच सुचली होती.

डेअरीपासून छावणी धुळाजीच्या पावलांनी नऊशे चाळीस. एवढ्या लांब चित्र जाईपर्यंत त्याचा जीव जातो, म्हणून निम्म्या वाटेवर गावाच्या कोरड्या विहिरीजवळ, जिथं पंपाचा लाइटचा खांब होता, तिथं एक बूस्टर बसवायचा. वायरची तीन भेंडोळी लागणार होती. “टंचाईचं साल हाय, मामा,” असं म्हणून सुंदररावांनी दोन मंजूर केली. धुळाजी बीडला गेला आणि दोन्ही भेंडोळी खांद्यांवर अडकवून एसटीनं परत निघाला. मांजरसुंब्याला गाडी थांबली तेव्हा तो भेंडोळी अंगावर तशीच ठेवून चहा प्यायला, कारण गाडीतल्या माणसांवर त्याचा विश्वास नव्हता. कमी पडलेली वायर त्यानं डेअरीतल्या जुन्या तुकड्यांतून निवडून काढली आणि या वेळी प्रत्येक जोडाला पिना लावल्या. पिना संपल्या, चिकटपट्टीही संपली, पण शनिवारी दुपारी वायर छावणीत पोचली.

छावणीच्या ऑफिसची शेड म्हणजे चार बांबू, वर पत्रे आणि मागं निळी ताडपत्री. शेवटच्या बाभळीपासून त्या ताडपत्रीपर्यंत धुळाजीनं तीसेक हातांचा झोळ मुद्दाम सैल सोडला. वैशाखात वावटळ उठते, ताणलेली वायर तुटून जाते. टीव्ही लावून पाहिला तर चित्र असं स्वच्छ की बातम्या सांगणाऱ्या बाईच्या कानातले खडे मोजावेत. कडूबाई तेव्हा टँकरच्या रांगेत होती. धुळाजीनं तिला बोलावलं नाही. तिनं पहिल्यांदा बघायचं ते लग्नच, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

रविवारी चार वाजता छावणीत लग्नघर झालं होतं. शेडपुढं सडा नव्हता, तेवढं पाणी कुणाकडं नव्हतं, पण रांगोळी होती. कुणीतरी टीव्हीला मुंडावळ्या बांधल्या होत्या. सुंदररावांच्या पत्नी केशरबाई घरून ओंजळभर तांदूळ घेऊन आल्या होत्या आणि ते सगळ्यांना पुरणार नाहीत म्हणून त्यात ज्वारी मिसळून कुंकवानं लाल केली होती. डाव्या बाजूच्या दावणीतल्या बायका वधूपक्ष आणि उजवीकडच्या वरपक्ष अशी वाटणी होऊन वरपक्षानं रुसायला सुरुवातही केली होती. सुंदररावांना वधूपिता म्हणून पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. त्यांनी फेटा घरून बांधूनच आणला होता.

धुळाजीनं टीव्ही लावला. पडद्यावर मुंग्या, आणि मुंग्यांशिवाय काहीच नाही.

कडूबाई मधल्या रांगेत बसली होती. तिनं मुंग्यांकडं पाहिलं, मग धुळाजीकडं पाहिलं आणि डोक्यावरचा पदर नीट केला. ओळखीचं काहीतरी भेटल्यासारखा तिचा चेहरा झाला. ती रागावली असती तर धुळाजीला बरं वाटलं असतं.

तो ताडपत्रीमागं गेला आणि वायर धरून उलटा चालायला लागला. फार चालावं लागलं नाही. झोळ जिथं खाली येत होता तिथं वायर काळी होती, मग तपकिरी आणि केसाळ होती, मग पुन्हा काळी होती. धुळाजीनं डोळे चोळले. मधल्या तीस हातांत वायर नव्हतीच. तिथं सुतळी होती, दुपदरी, दोन्ही टोकांना बैलाच्या दाव्याची पक्की गाठ मारून बसवलेली.

बाभळीखाली मुंजाजीची कालवड बांधली होती. तिच्या गळ्यात तिपेडी, काळंभोर, चकचकीत दावं होतं. मुंजाजी धुळाजीच्याच भावकीतला, त्याच्याच वयाचा, दोघांनी लहानपणी एकत्र मेंढरं राखलेली. तो कालवडीजवळच बसून तंबाखू मळत होता.

“मुंजाजी, ही सुतळी हितं कुनी लावली?”

“मीच की,” मुंजाजी अभिमानानं म्हणाला. “तुझी दोरी लई ढिली लोंबत व्हती. ही कालवड सुतळीचं दावं चावून खाती, तीन खाल्ली. रबराला तोंड लावीत न्हाई. पन मी तसंच तोडून न्हाई सोडलं बे. तुझं काम अडू नये म्हनून मधी सुतळी जोडली. हिसका देऊन बग, दोन बैल लावले तरी सुटायची न्हाई.”

धुळाजीनं हिसका दिला नाही. “अन् चित्र सुतळीतून कसं जाईल?”

मुंजाजीनं तंबाखू मळायची थांबवून प्रामाणिकपणे विचार केला. “दोरीतून जातंय, तर सुतळीतून कावून न्हाई जानार?”

पंधरा वर्षं धुळाजी चित्र घरोघर पोचवत होता, पण ते त्या तांब्याच्या तारेतून नक्की कसं जातं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही विचारलं नव्हतं. त्यानं कालवडीचं दावं सोडून पाहिलं. मुंजाजीनं पीळ असा जोरदार घातला होता की आतली तार जागोजागी मोडली होती. कामातून गेली होती ती. सव्वाचार वाजले होते. केजला जाऊन यायचं तर दीड-दोन तास, आणि रविवारचं दुकान उघडं असेल याची खात्री नाही. हिवरदऱ्यात आता वायर फक्त एका ठिकाणी होती, जी काढली तर कुणाची तक्रार येणार नव्हती.

मुंजाजीच्या सायकलवर डबलसीट बसून दोघं गावात गेले. धुळाजीनं घरासमोरच्या लिंबावरून, पन्हाळीवरून, खिडकीतून आपली स्वतःची वायर ओढून काढली, गुंडाळली आणि छावणीत परत आणली. पण एकोणीस जोडांची ती वायर तशीच लावली तर कडूबाईला पुन्हा त्याच मुंग्या दिसणार. मग तो बाभळीखाली मांडी घालून बसला. जुने जोड त्यानं अडकित्त्यानं एकेक करून छाटून टाकले, लांब तुकडे निवडले, जाळी मागं विंचरली, तारेला तार नीट पिळून घेतली आणि वर आवळायला चिकटपट्टी नव्हती म्हणून मुंजाजीच्या सायकलची ट्यूब कापून तिच्या पट्ट्या केल्या. मुंजाजीनं चाक स्वतःच उघडून दिलं. कालवड काळं दावं गळ्यात घेऊन शेजारीच उभी होती, त्यामुळं नाही म्हणायला त्याला तोंडच नव्हतं.

पंधरा वर्षं आज-उद्या म्हणत ठेवलेलं काम पाऊण तासात झालं. हे धुळाजीच्या ध्यानात आलं आणि ते त्याला चांगलंच लागलं. शेजारच्या दावणीत कडूबाईची बाज होती, बाजेवर तिची दोन लुगडी आणि एक गोधडी नीट घडी करून ठेवली होती. तीन महिन्यांचा सगळा संसार तेवढाच.

सहाला पाच कमी असताना त्यानं बाभळीकडचं टोक जोडलं आणि वायर ताडपत्रीपर्यंत आणली. शेडमधून आलेल्या वायरचं टोक आणि हे टोक यांच्यात वीतभर अंतर राहिलं. छाटलेल्या जोडांनी तेवढी लांबी खाल्ली होती, आणि नवा तुकडा सोलून जोडायला पाच मिनिटं पुरणार नव्हती. टीव्ही मागं सरकवावा तर बोर्डाची वायर आखूड. त्या साली सगळंच आखूड होतं. दोन्ही टोकं ओढून धरली की तारेला तार भिडे, सोडली की लांब जाई. रबराच्या पट्टीनं बांधून पाहिलं तर ओढानं पट्टी निसटली. आतून मालिकेचं सुरुवातीचं संगीत ऐकू यायला हवं होतं आणि ऐकू येत होती ती फक्त खरखर.

धुळाजीनं एक टोक डाव्या मुठीत धरलं, दुसरं उजव्या मुठीत, दोन्ही हात छातीशी आणले आणि तारेला तार लावली. ताडपत्रीच्या पलीकडं साठ-सत्तर बायका एकदम बोलायच्या थांबल्या, आणि मग सनई सुरू झाली.

तो तसाच उभा राहिला. त्याच्यापुढं निळी ताडपत्री होती आणि तिच्यापलीकडं लग्न. मुंजाजीनं पाच मिनिटं त्याच्या बरोबरीनं वायर ओढून धरली, पण वरात आली असं आतून कळलं तेव्हा तो म्हणाला की जरा बघून येतो, आणि परत आला नाही. मग धुळाजीच्या नाकावर माशी बसली. ती तिथं बराच वेळ फिरली. त्यानं खांद्याला नाक घासायचा प्रयत्न केला तर आतून पाच-सहा जणी एका सुरात म्हणाल्या, “मुंग्या आल्या, मुंग्या आल्या.” तो पुन्हा ताठ उभा राहिला आणि माशीला काय करायचं ते करू दिलं.

साडेसहाच्या सुमाराला तपासणीची जीप आली. साहेबांनी दावणी फिरून जनावरं मोजली, जनावरं होती. माणसं शोधत ते शेडच्या मागं आले तर दोन्ही मुठी छातीशी धरून एक म्हातारा उभा.

“काय करताय इथं?”

“लगीन धरून उभा हाय, साहेब,” धुळाजी म्हणाला. “सुटलं तर बाया मारतील.”

साहेबांनी वायरकडं आणि मग ताडपत्रीच्या फटीतून आत पाहिलं. ते आत गेले. लगेच केशरबाईंचा आवाज आला की साहेबांना अक्षता द्या, वरपक्षाकडं बसवा, तिकडं माणसं कमी आहेत.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि अंतरपाट दूर व्हायच्या नेमक्या वेळी जाहिराती लागल्या. सगळ्यांच्या मुठी वर होत्या. एका म्हातारीला धीर निघाला नाही आणि तिनं आपल्या अक्षता सिमेंटच्या जाहिरातीवर टाकल्या. सुंदरराव खुर्चीतून ओरडले की थांबा, कुणी सोडू नका. त्यांना दोन मुलगे होते, मुलगी नव्हती. नंतर कन्यादानाच्या वेळी ते फेट्याच्या शेवाला डोळे पुसत होते, हे पुढं महिनाभर गावात सांगितलं जात होतं. जाहिराती संपल्या. ताशा वाजला. ताडपत्रीवर पलीकडून बारीक तडतड झाली, टीव्हीवरून उडालेले दाणे तिच्यावर आपटत होते. धुळाजीचे दंड भरून आले होते, बोटं बधिर झाली होती. पण त्या तडतडीत त्याला साठ-सत्तर जणींच्या हसण्यातून एक हसणं वेगळं ओळखू आलं. ते त्यानं फार दिवसांत ऐकलं नव्हतं. माघापासून तर नाहीच, पण त्याआधीही कधी ऐकलं होतं ते त्याला आठवेना.

कार्यक्रम संपल्यावर कडूबाई शेडला वळसा घालून मागं आली. तिची उजवी मूठ झाकलेली होती. धुळाजी अजून तसाच उभा होता. पलीकडं लोक अजून बसलेले होते आणि सोडायला सांगितल्याशिवाय सोडायचं नाही हे त्याला एवढ्या वर्षांच्या नोकरीत अंगवळणी पडलं होतं.

“लागलं का?” त्यानं विचारलं.

“लागलं,” ती म्हणाली. “तीळच हाय. मुंगी न्हवती.”

मग तिनं मूठ उघडली आणि उरलेली तांबडी ज्वारी त्याच्या डोक्यावर टाकली. दाणे त्याच्या मुंडाशावरून, खांद्यावरून, दोन्ही मुठींवरून खाली मातीत पडले. धुळाजी जुन्या सवयीनं गुडघ्यात वाकला.

“वेचू नगा,” कडूबाई म्हणाली. “ऱ्हाऊ द्या पडलेली.”

तो पुन्हा सरळ झाला. तिनं बाजेवरून भाकरीचा डबा उचलला, लुगडी काखेत घेतली आणि पदर खोचला. “मी घरला जाते. बैलास्नी अंधार पडायच्या आत पानी दावा. खोंड भाकरी मागंल, तुमची तुमी करून घाला.”

धुळाजीनं मान हलवली. ती चार पावलं गेली तेव्हा त्याला आठवलं. “अगं, घरी टीवी लागायचा न्हाई. वायर हितं आनली म्या.”

“मला झोपायचं हाय,” कडूबाई मागं न वळता म्हणाली. “झोपायला वायर कशाला लागती?”

ती वायरीखालून निघाली, बाभळीपासून लिंबापर्यंत, लिंबापासून विहिरीच्या खांबापर्यंत, आणि मधेच थांबून मान वर करून बघत होती की ही कुठून कुठं नेलीय. शेडमध्ये कुणीतरी टीव्ही बंद केला, मुंडावळ्या सोडल्या, सुंदररावांची खुर्ची सरकली, बायका आपापल्या दावणींकडं पांगल्या. कडूबाई डेअरीच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत धुळाजी छातीशी दोन्ही टोकं धरून तिथंच उभा होता.